गावातील घर ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी करताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गावातले घर ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी करायचे असे ठरले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी छपरावरची सौर पॅनेल येतात आणि चौकशीही तिथूनच सुरू होते. हा क्रम उलटा आहे. खेड्यातील कुटुंबाला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा विजेचा नसून उष्णतेचा असतो. ती उष्णता स्वयंपाकासाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी लागते. पाच माणसांच्या घरात माणशी वीस लिटर गरम पाणी धरले आणि ते पाणी २२ अंश सेल्सिअसवरून ४२ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर रोज सुमारे २.३ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण ७० युनिट इतकी उष्णता लागते. काटकसरीने चालणाऱ्या घरातील दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रीज मिळून जवळपास तेवढीच वीज खर्च होते. १४.२ किलोच्या एका गॅस सिलिंडरमध्ये तर सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता साठवलेली असते. त्यामुळे स्वावलंबनाची सुरुवात चुलीपासून आणि बंबापासून करावी, आणि पॅनेलचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे ठाम मत आहे. या क्रमाने गेल्यास पॅनेलही कमी लागतात आणि पैसाही कमी गुंततो.

पुढील माहिती मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राचे पठार, मराठवाडा आणि विदर्भ या कोरड्या हवेच्या भागांतील, चार-सहा माणसांच्या आणि दारात थोडी जनावरे असलेल्या घराला धरून दिली आहे. कोकणात काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. त्या त्या ठिकाणी तसे सांगितले आहे.

पहिली पायरी : एक महिना फक्त मोजमाप

काहीही विकत घेण्याआधी एक महिना वही ठेवावी. विजेच्या मीटरचे आकडे रोज ठरावीक वेळी लिहावेत, नवे सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवावी, आणि सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या वापरात असतील तर एका दिवसाचे जळण ताणकाट्याने तोलून ठेवावे. पारंपरिक चुलीत जळणातील उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते आणि उरलेली हवेत व धुरात जाते. म्हणून वर सांगितलेल्या आंघोळीच्या पाण्यासाठीच रोज चार-पाच किलो वाळलेले लाकूड लागू शकते. हे वजन एकदा प्रत्यक्ष पाहिले की घरातील सर्वांनाच पुढच्या कामांचे महत्त्व पटते.

मीटरची एक सोपी परीक्षा याच महिन्यात करावी. घरातील प्रत्येक दिवा आणि उपकरण बंद करून, प्लग काढून, मीटरवरचा लाल दिवा पाहावा. काहीही चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये कुठेतरी वीज गळते आहे असे समजावे आणि वायरमनला बोलवावे. ही गळती बिल वाढवते. शिवाय ओल्या भिंतीतून धक्का बसण्याचाही धोका असतो, म्हणून ती पुढे ढकलू नये.

दुसरी पायरी : छप्पर आणि भिंती

उन्हाळ्यात घर तापले की पंखे आणि कूलर दिवसरात्र चालतात. चंद्रपूर, अकोला, परभणी यांसारख्या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे छप्पर हीच घराची सर्वांत मोठी शेगडी ठरते. सिमेंटच्या स्लॅबवर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी पांढरा चुना लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कळीचा चुना आदल्या दिवशी मोठ्या पिंपात भिजवावा. तो भिजताना उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. दुसऱ्या दिवशी चुना गाळून, त्यात थोडा चिकटद्रव किंवा पांढरे सिमेंट मिसळून, स्लॅब स्वच्छ झाडून-धुऊन त्यावर एकमेकांना आडवे असे दोन-तीन हात द्यावेत. आतले तापमान त्यामुळे दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. पावसाने चुना धुपतो, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते.

पत्र्याच्या घराला वरून पांढरा रंग द्यावा आणि आतून पत्र्याखाली किमान सहा इंच मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत ठोकावे. त्या मोकळ्या जागेतील तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून दोन्ही टोकांच्या भिंतींत वरच्या बाजूला झरोके ठेवावेत. झरोके नसतील तर उष्णता तिथेच कोंडते आणि छताचा उपयोग निम्माही होत नाही. चुलीच्या वर मात्र बांबूचे छत अजिबात करू नये.

मराठवाडा आणि सोलापूर भागांत अजूनही माळवदाची घरे उभी आहेत. जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत दिवसाची उष्णता आत येऊ देत नाहीत, आणि या बाबतीत नव्या स्लॅबचे घर त्यांची बरोबरी करू शकत नाही. माळवदाला दरवर्षी पावसाआधी पांढरीच्या मातीचा थर आणि पन्हळीकडे नीट उतार द्यावा लागतो, ही मेहनत खरीच आहे. तरीही लाकूड शाबूत असेल तर असे घर पाडण्याआधी पुन्हा विचार करावा. अशा छतावर पॅनेलचे वजन मात्र टाकू नये. त्यासाठी अंगणात लोखंडी सांगाडा उभारता येतो.

याशिवाय खिडक्यांची शिस्त पाळावी : उन्हाळ्यात सकाळी ऊन चढले की दारे-खिडक्या बंद, आणि सूर्यास्तानंतर समोरासमोरच्या सर्व उघड्या. पश्चिमेच्या भिंतीला दुपारचे ऊन सर्वाधिक लागते, म्हणून त्या बाजूला कडुनिंब किंवा शेवगा लावावा, अथवा वेल चढवावा. दक्षिणेला उंच झाड लावू नये, कारण पुढे त्याची सावली पॅनेलवर येते. कौलारू घरात दोन-चार काचेची कौले बसवली की अंधाऱ्या माजघरात दिवसा दिवा लावावा लागत नाही.

तिसरी पायरी : स्वयंपाकाचे इंधन

आधी बिनखर्चाच्या सवयी. डाळी आणि कडधान्ये भिजवून शिजवावीत, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच मंद करावी (उकळत्या पाण्याचे तापमान आच वाढवून वाढत नाही), आणि लाकूड जाळायचे असेल तर ते बारीक चिरून, उन्हात पूर्ण वाळवून, पावसाळ्याआधी छपराखाली रचून ठेवावे. चुलीचा वापर चालू राहणार असेल तर वैल आणि धुराडे असलेली चूल बांधून घ्यावी. वैलावर फुकट जाणाऱ्या उष्णतेत दुसरे भांडे शिजते आणि धूर बाहेर जातो. स्वयंपाकघरातील धुराने बायकांच्या आणि लहान मुलांच्या फुप्फुसांचे होणारे नुकसान इतके गंभीर आहे की इंधनाची बचत झाली नसती तरीही धुराडे बसवावेच, असे मी म्हणेन.

दुसरी सोपी वस्तू म्हणजे ऊबपेटी. पत्र्याच्या किंवा लाकडी पेटीत तळाला आणि चारही बाजूंना भाताचा तूस, कापूस किंवा जुन्या गोधड्या दाबून मध्ये भांड्यापुरती जागा ठेवावी. भाताला चांगली उकळी आणून पाच-सात मिनिटांनी भांडे झाकणासकट पेटीत ठेवावे आणि वरून गादीने झाकावे. तासाभरात भात आतल्या उष्णतेवरच शिजतो. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला आधी पंधरा-वीस मिनिटे उकळू द्यावे लागते. पठारी भागात नोव्हेंबर ते मे या काळात आरसा असलेला पेटीचा सौर कुकरही उत्तम चालतो. सकाळी दहाच्या सुमारास काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ लावले तर दुपारच्या जेवणापर्यंत तयार होतात. भाकरी मात्र त्यात होत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

आता बायोगॅस, म्हणजे बंद टाकीत शेण कुजवून मिळणारा जळाऊ वायू. दारात चार-पाच मोठी जनावरे असतील, तर संपूर्ण घराच्या स्वावलंबनात याच्या तोडीची दुसरी गोष्ट नाही. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर वायू मिळतो. गोठ्यात बांधलेले मोठे जनावर रोज सुमारे दहा किलो शेण देते, म्हैस त्याहून अधिक. म्हणून रोज ५० किलो शेणावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते आणि पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यात होतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो स्वयंपाकाचा गॅस. त्या हिशेबाने रोज एक घनमीटर वायू मिळाला तरी महिन्याला जवळजवळ एक सिलिंडर वाचते. जनावरे दिवसभर रानात चरत असतील तर निम्मे शेण तिकडेच पडते, हे संयंत्राचा आकार ठरवताना विसरू नये. गरजेपेक्षा मोठे संयंत्र बांधून ते अर्धवट भरणे, हे बायोगॅस बंद पडण्याचे फार मोठे कारण आहे.

संयंत्राचे प्रकार अनेक आहेत. लोखंडी तरंगत्या टाकीचे जुने प्रारूप खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेले. १९८४ साली ‘अफप्रो’ (ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन) या संस्थेने विकसित केलेले विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ प्रारूप त्याहून स्वस्त पडते आणि त्यात गंजणारा भाग नसतो. मात्र त्याच्या घुमटाचा गिलावा बारीकशा भेगेतूनही वायू सोडतो, म्हणून अशी संयंत्रे आधी बांधलेल्या, प्रशिक्षित गवंड्यालाच काम द्यावे आणि त्याने बांधलेले एखादे चालू संयंत्र स्वतः जाऊन पाहावे. फुग्यासारखी तयार संयंत्रेही मिळतात. ती लवकर बसतात, पण त्यांना कुंपण घालून जनावरांच्या शिंगांपासून आणि खुरांपासून जपावे लागते. सरकारी अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी, आणि मंजुरी हाती येईपर्यंत खड्डा खणू नये.

जागा गोठा आणि स्वयंपाकघर या दोन्हींना जवळ, दिवसभर उन्हाची आणि विहीर किंवा बोअरपासून किमान १५ मीटर लांब असावी. पहिल्या भरणीसाठी शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून, काडी-कचरा व खडे काढून टाकी भरावी. दोन ते चार आठवड्यांत वायू जमू लागतो, परंतु सुरुवातीच्या वायूत कार्बन डायऑक्साइड अधिक असल्याने तो पेटत नाही. तो सोडून द्यावा आणि धीर धरावा. त्यानंतर रोज ठरलेले शेण ठरलेल्या वेळी घालावे. साबणाचे, फिनाईलचे पाणी आणि प्रतिजैविकांचे उपचार चालू असलेल्या जनावराचे शेण त्यात जाऊ देऊ नये, कारण वायू तयार करणारे जिवाणू त्याने मरतात. नळीला उतार ठेवून सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढण्याची तोटी बसवावी, नाहीतर नळीत पाणी साचून ज्योत फडफडते. शेगडी बायोगॅससाठीच बनवलेली घ्यावी, सिलिंडरची शेगडी त्यावर नीट जळत नाही. थंडीत वायू कमी मिळतो. डिसेंबर-जानेवारीत काला कोमट पाण्यात कालवल्यास आणि टाकीभोवती पाचट किंवा कडब्याचा थर रचल्यास ही घट थोडी भरून निघते.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. गळती शोधताना काडी कधीही ओढू नये, साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. आणि टाकी रिकामी दिसली तरी आत माणूस उतरवू नये. आतल्या वायूने गुदमरून क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरणाराही बळी पडतो.

बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे वायू निघाल्यावर उरलेला पातळ शेणकाला, हे या संयंत्राचे दुसरे उत्पन्न आहे. तिच्यातील नत्र पिकाला लवकर मिळते आणि उघड्या उकिरड्यासारखे ते उन्हात उडून जात नाही. परसबागेपर्यंत चर काढून ती थेट भाजीला द्यावी, किंवा पालापाचोळ्यावर टाकून खत करावे.

ज्यांच्याकडे जनावरे नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकटे, पीठ, सडकी फळे अशा पिष्टमय आणि साखरयुक्त पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र विकसित केले. त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. अशा पदार्थांपासून शेणाच्या मानाने थोड्या वजनात पुष्कळ वायू मिळतो, पण खाद्य एकदम वाढवले की टाकी आंबट होऊन वायू बंद पडतो. सुरुवातीची भरणी शेणकाल्याचीच करावी आणि नंतर खाद्य हळूहळू वाढवावे.

चौथी पायरी : आंघोळीचे पाणी

अनेक घरांत स्वयंपाकाला सिलिंडर आले तरी अंगणातला बंब किंवा न्हाणीघरातली चूल सरपणावरच पेटते. शंभर लिटरचा सौर बंब तीन ते चार माणसांना पुरतो. काचेच्या नळ्यांचा बंब स्वस्त असतो आणि थंडीत चांगला तापतो. तांब्याच्या सपाट पट्ट्यांचा महाग, पण अधिक टिकाऊ. बोअरचे पाणी जड असेल, भांड्यांवर पांढरा थर बसत असेल, तर सपाट प्रकारातील बारीक नळ्या क्षाराने बुजतात. तिथे काचेच्या नळ्यांचा किंवा उष्णता-विनिमयक असलेला (जड पाणी बारीक नळ्यांत न फिरवता तापवणारा) बंब घ्यावा आणि काचेच्या नळ्या वर्षातून एकदा काढून धुवाव्यात. कोकणात आणि घाटमाथ्यावर वानरांचा उपद्रव असेल तर वर जाळी बसवल्याशिवाय काचेच्या नळ्यांच्या वाटेला जाऊ नये. थंड पाण्याची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते आणि गरम पाण्याची नळी शक्य तितकी आखूड व गुंडाळलेली असावी, नाहीतर सकाळची पहिली बादली थंडच येते. जुलै-ऑगस्टच्या झडीत सौर बंब पुरा पडत नाही, म्हणून घरातला जुना बंब मोडीत काढू नये. बादलीत टाकायचा विजेचा रॉड मात्र घरातून हद्दपार करावा; गावाकडच्या कच्च्या अर्थिंगवर तो प्राणघातक ठरतो.

पाचवी पायरी : विजेची उपकरणे

साधा छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी विजेवर चालणाऱ्या) मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट. असे तीन पंखे रोज दहा तास चालत असतील तर महिन्याला ४० युनिट वाचतात. घरातील दुसऱ्या कोणत्याही बदलातून इतक्या खर्चात इतकी बचत होत नाही, म्हणून उपकरणांत पहिला क्रमांक पंख्याचा. साधे बल्ब अजून शिल्लक असतील तर ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा एलईडी लावावा. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत चालूच राहतो. तो १२ वॉट धरला तरी महिन्याला आठ-नऊ युनिट होतात, म्हणून बटण भिंतीवरून बंद करावे. फ्रीज चुलीपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, मागे वितभर जागा सोडून ठेवावा. नवा घेताना ताऱ्यांसोबत लेबलवर छापलेले वर्षाचे युनिट वाचावेत, कारण सारखेच तारे असलेल्या दोन फ्रीजमध्येही आकारामुळे वापर वेगळा असतो.

कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो, पण खोली बंद ठेवून नव्हे. समोरची खिडकी अर्धी उघडी हवी. कोकणातल्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

याच टप्प्यावर वायरिंग, अर्थिंगचा खड्डा आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच ही कामे करून घ्यावीत. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही.

सहावी पायरी : पाणी

पाणी उपसायला वीज लागते, म्हणून छपरावरचे पाणी साठवणे हाही ऊर्जेचाच विषय आहे. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर ५६ हजार लिटर पाणी मिळते. सगळे साठवण्याची गरज नाही. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर धरले, तर १० हजार लिटरची बंद टाकी दोनशे दिवस पुरते; उरलेले पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीला किंवा बोअरला द्यावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्यावे. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचे पाणी पिण्यासाठी साठवू नये. वरच्या टाकीला तरंगता स्विच बसवला की टाकी ओसंडून वाया जाणारे पाणी आणि वीज दोन्ही वाचतात.

सातवी पायरी : सौर वीज

इथपर्यंतची कामे झाली की घराची विजेची गरज पुन्हा मोजावी. उदाहरणादाखल : पाच एलईडी दिवे, तीन बीएलडीसी पंखे, एक फ्रीज, टीव्ही, मोबाइल-मिक्सर आणि तासभर चालणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप यांना मिळून रोज साधारण २.६ युनिट, म्हणजे महिन्याला ८० युनिटांच्या आत वीज लागते. जुन्या पंख्यांवर आणि जुन्या फ्रीजवर हेच घर १३० युनिटांपर्यंत जाते आणि महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्यापलीकडे गेल्याने वरच्या युनिटांना चढा दर भरते. महाराष्ट्रात एक किलोवॉटची यंत्रणा वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते. म्हणजे या घराला एक किलोवॉट पुरतो. आधी सवयी आणि उपकरणे सुधारली नसती तर तो कमी पडला असता.

यानंतरचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे आणि विक्रेते तो नेहमीच नीट समजावून सांगत नाहीत. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद होते, भर दुपारी ऊन असले तरीही. तारेवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. त्यामुळे भारनियमनाच्या गावात, ‘वीज गेली तरी आपल्याकडे दिवे’ या अपेक्षेने साधी यंत्रणा घेणाऱ्याचा हिरमोड ठरलेला आहे. बिल कमी करणे एवढाच हेतू असेल तर ती सर्वांत स्वस्त आणि कमी देखभालीची. रात्रीची सोयही हवी असेल तर बॅटरी जोडता येणारी हायब्रिड यंत्रणा घ्यावी, किंवा साध्या यंत्रणेसोबत घरातला बॅटरीवरचा इन्व्हर्टर चालू ठेवावा. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता सुमारे ०.९ युनिट वापरता येते आणि तेवढ्यावर तीन बीएलडीसी पंखे व चार दिवे सहा तास आरामात चालतात. ॲसिडच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाहावे आणि ती हवेशीर जागी ठेवावी.

अनुदानासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना आहे. तिच्यात एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान ठरवले गेले आणि ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही पूरक योजनाही आणली. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. गावाकडची नेहमीची अडचण वेगळीच असते : वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असते आणि बँक खाते नातवाच्या. नाव बदलण्याचा अर्ज सर्वांत आधी करावा, बाकी सगळे त्याच्यावर अडते. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा, विक्रेता नोंदणीकृत यादीतलाच निवडावा, निदान तिघांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात पॅनेल देशी बनावटीचे असल्याचा, पाच वर्षांच्या देखभालीचा व इन्व्हर्टरच्या हमीचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे.

एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल १८ ते २० अंशांचा, म्हणजे साधारण आपल्या अक्षांशाइतका असावा. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचाच घ्यावा. कोकणात जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने छपरांचे काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. तिथे सांगाड्याचे पाय छपराच्या कैच्यांना किंवा जमिनीतल्या काँक्रीटला पक्के बांधल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत. स्वतंत्र अर्थिंग आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक हवाच. काम झाल्यावर नेट मीटर बसतो. त्यातून ग्रिडला दिलेले जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळते होतात, पण वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून वीज विकून कमाई करण्याच्या आशेने मोठी यंत्रणा घेऊ नये. कोरड्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पॅनेल मऊ फडक्याने धुवावीत. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

हे काम एकट्याच्या घरापुरते न ठेवता वाडीने मिळून केले तर विक्रेत्याशी भाव ठरवणे, दुरुस्तीला माणूस बोलावणे सगळेच सोपे होते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याची वाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जमल्यास असे एखादे गाव प्रत्यक्ष पाहून, तिथल्या लोकांना बिलाबद्दल आणि बिघाडांबद्दल विचारून यावे.

कामे कोणत्या महिन्यात करावीत

मोजमाप आणि नावबदलाचा अर्ज कधीही सुरू करता येतो. बायोगॅसचा खड्डा मात्र दिवाळीनंतर, जमिनीतले पाणी खाली गेल्यावर खणावा, म्हणजे बांधकामात पाणी लागत नाही आणि मार्चपर्यंत वायू सुरू होऊन उन्हाळ्याच्या उष्णतेत संयंत्र चांगले रुळते. थंडी संपण्याआधी सौर बंब बसवला तर त्याची खरी कसोटी लगेच लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चुना आणि तट्ट्यांचे छत, उन्हाळ्याच्या तोंडावर पंखे. पॅनेल बसवण्याचे काम ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळात उरकावे. मे महिन्याच्या शेवटी, मृगाचा पाऊस येण्याआधी, पन्हळी आणि पाण्याची टाकी स्वच्छ करावी, पॅनेलच्या सांगाड्याचे नटबोल्ट आवळावेत आणि वाळलेले सरपण कोरड्यात घ्यावे. देखभालीची ही यादी आणि विक्रेत्याची बिले वहीच्या पहिल्या पानांत ठेवावीत, आणि शेण कालवण्यापासून इन्व्हर्टर बंद-चालू करण्यापर्यंत प्रत्येक काम घरातील किमान दोघांना शिकवावे, कारण एकच जाणता माणूस लग्नकार्याला परगावी गेला की चार दिवसांत संयंत्र उपाशी पडते.